उशा किती?

आमच्या कुटुंबांत एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. शिकावयाचें तर शेवटच्या पायरीपर्यंत शिकावें. वकील व्हावें, वकिलाचा कारकून होऊं नये. डॉक्टर व्हावें, डॉक्टरच्या हाताखालचा माणूस होऊं नये. ही समजूत चांगली कीं वाईट, याचा वाद आज आम्हांस घालावयाचा नाहीं. ती आमच्या अंगांत किती मुरलेली आहे, हें मात्र तीन वर्षांपूर्वीं आमच्या ध्यानांत आलें. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या अमेरिकेंत जन्मली व तेथेंच वाढली. जीवशास्त्राची पदवी उत्तम रीतीनें मिळविल्यावर तिनें कळविलें कीं, आपण आतां ‘फिजिशियन असिस्टंट’ होण्याचा अभ्यासक्रम घेणार. पुण्यांतील आमच्या घरीं हें वर्तमान आलें त्या दिवशीं जेवणाच्या पंक्तींत कोणी फारसें बोललें नाहीं. ‘असिस्टंट’ हा शब्द घांसाबरोबर खड्यासारखा दाताखालीं आला होता. शेवटीं आम्हींच टेलिफोनवर तिला विचारलें, ‘इतकें शिकून शेवटीं मदतनीसच कां?’ मुलगी शांत स्वभावाची. ती म्हणाली, ‘काका, दुसरें वर्ष संपूं द्या, मग पुन्हां विचारा.’ तें वर्ष आतां संपत आलें आहे, आणि पुन्हां विचारण्याचें आम्हांस कारण उरलेलें नाहीं. तें कां उरलें नाहीं, हें आज वाचकांस सांगावयाचें आहे.

प्रथम हा व्यवसाय काय आहे तें सांगितलें पाहिजे. कारण आमच्याप्रमाणेंच पुष्कळांस तो ठाऊक नसेल. अमेरिकेंत 1960 नंतरच्या वर्षांत डॉक्टरांची टंचाई फार भासूं लागली, विशेषतः खेड्यापाड्यांत. त्या वेळीं नॉर्थ कॅरोलिना संस्थानांतील ड्यूक विद्यापीठांत डॉ. यूजीन स्टेड हे वैद्यकशास्त्राचे प्रमुख अध्यापक होते. नौदलांत जखमी व आजारी शिपायांची शुश्रूषा करून अनुभवी झालेले तरुण नोकरी संपल्यावर घरीं परत येतात आणि त्यांच्या हातचें तें ज्ञान वायां जातें, हें त्यांनीं पाहिलें. अशा चौघांना घेऊन त्यांनीं 1965 सालीं एक नवा अभ्यासक्रम सुरू केला. त्यांपैकीं तिघे 1967 सालीं तो पुरा करून बाहेर पडले. स्टेड हे स्वतः रक्ताभिसरणाचे व दुर्बल झालेल्या हृदयाचे मोठे अभ्यासक होते, ही गोष्ट आमच्या आजच्या विषयाला धरूनच आहे. आज अमेरिकेंतील पन्नासही संस्थानांत हे वैद्यसहायक परवाना घेऊन काम करतात. रोगी तपासणें, चांचण्या सांगणें, निदान करणें, औषध लिहून देणें हीं सर्व कामें ते करतात. परंतु डॉक्टरांच्या बरोबरीनें व त्यांच्याशीं विचारविनिमय करून. ‘असिस्टंट’ या शब्दाचा जाच एकट्या आम्हांसच झाला असें नव्हे. त्यांच्याच राष्ट्रीय संघटनेनें 2021 सालीं तो बदलून ‘असोसिएट’, म्हणजे सहकारी, हा शब्द पत्करला आहे.

आपल्या देशांतही हा व्यवसाय अगदीं नवा नाहीं. मद्रासेंत, म्हणजे आजच्या चेन्नईंत, ‘मद्रास मेडिकल मिशन’ या संस्थेंत डॉ. के. एम्. चेरियन यांनीं 1992 सालीं तो सुरू केला, आणि तोही हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या विभागांत. वैद्यकाच्या जोडीच्या व्यवसायांसाठीं आपल्या संसदेनें 2021 सालीं जो कायदा केला, त्यांतही या मंडळींचा समावेश आहे.

आतां मुलीच्या अभ्यासाकडे वळूं. पदवीनंतरचा हा अभ्यास सुमारें सवादोन वर्षांचा. पहिलें वर्ष बव्हंशीं वर्गांत, आणि त्यापुढचा काळ रुग्णालयांत. चार-सहा आठवडे एका विभागांत, पुढचे चार-सहा दुसऱ्यांत, असें फिरत फिरत शिकावयाचें. शेवटीं जी राष्ट्रीय परीक्षा असते तींत सर्व विषयांमध्यें हृदयाचा व रक्ताभिसरणाचा वाटा सर्वांत मोठा. यामुळें पहिल्या वर्षीं तिच्या बोलण्यांत हृदयावांचून दुसरें कांहीं नसे. हृदयाच्या चार झडपा. त्या प्रत्येकीचा आवाज छातीवर कोणत्या ठिकाणीं चांगला ऐकूं येतो. पहिला ध्वनि झडपा मिटण्याचा, दुसराही मिटण्याचाच, पण दुसऱ्या दोन झडपांचा. आणि क्वचित् ऐकूं येणारा तिसरा ध्वनि, ज्यामुळें हृदयाचा ठेका दुडक्या चालीच्या घोड्यासारखा होतो. फुप्फुसांचा पाठ निराळा. दम्यांत श्वास सोडतांना शिटीसारखा सूं-सूं आवाज येतो. फुप्फुसांत पाणी सांचलें म्हणजे तळाशीं बारीक चुरचुर ऐकूं येते. ती चुरचुर कशी, हें तिनें आम्हांस टेलिफोनवरच शिकविलें. ‘कानाजवळची केंसांची बट दोन बोटांत धरून चोळा,’ ती म्हणाली. आमच्या कानाजवळ आतां बट उरलेली नाहीं, म्हणून तो प्रयोग सूनबाईंनीं केला!

ऐकण्याच्या या विद्येचा इतिहासही तिनेंच आम्हांस सांगितला. ऑस्ट्रियांतील औएनब्रुगर नांवाच्या वैद्यानें छातीवर बोटांनीं ठोकून आंतील पोकळ-भरीव ओळखण्याची रीत 1761 सालीं प्रसिद्ध केली. हा गृहस्थ खाणावळवाल्याचा मुलगा होता. पिंप किती भरलेलें आहे हें ठोकून पाहण्याची तेथली चाल त्यानें माणसाच्या छातीला लावली, असें सांगतात. पुढें 1816 सालीं पॅरिस येथील लेनेक या डॉक्टरापुढें हृदयविकाराची एक तरुण स्त्री आली. तिच्या छातीला कान लावणें त्यास प्रशस्त वाटेना. त्यानें कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोंक तिच्या छातीवर ठेविलें व दुसऱ्यास कान लाविला, तों हृदयाचे ठोके पूर्वींपेक्षांही स्पष्ट ऐकूं आले. त्या सुरळीची पुढें लांकडी नळी झाली आणि त्या नळीचा आजचा स्टेथॉस्कोप झाला. लेनेकनें आपला ग्रंथ 1819 सालीं प्रसिद्ध केला, आणि 1826 सालीं, पंचेचाळिसाव्या वर्षीं, तो स्वतःच क्षयानें वारला. ज्या रोगाचे आवाज त्यानें जगाला ऐकविले त्यानेंच त्याला नेलें.

हें सर्व ऐकून आमचा ग्रह असा झाला कीं, ही विद्या कानाची आहे. दुसऱ्या वर्षीं मुलीचाही तोच ग्रह होता, आणि तो पहिल्याच आठवड्यांत दूर झाला. तिची नेमणूक मोठ्या माणसांच्या वैद्यकाच्या विभागांत होती. एक वृद्ध गृहस्थ दम लागतो म्हणून रात्रीं भरती झाले होते. तिनें त्यांना नीट तपासलें, छातीवरचे सर्व ध्वनि टिपून घेतले आणि सकाळीं फेरीच्या वेळीं आपल्या शिक्षकांपुढें तें टिपण मोठ्या उत्साहानें वाचून दाखविलें. शिक्षकांनीं तें सर्व ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारलें, ‘हे झोपतांना उशा किती घेतात?’ तिनें हें विचारलेंच नव्हतें. शिक्षक रागावले नाहींत. ते म्हणाले, ‘मग जाऊन विचारून या, आम्ही थांबतों.’ सहा माणसें दाराशीं उभीं राहिलीं आणि ही आंत जाऊन विचारून आली. उत्तर आलें, ‘चार, आणि गेला आठवडाभर तर खुर्चींतच.’ तिनें आम्हांस लिहिलें, ‘काका, पुस्तकांत हृदयाचें प्रकरण वेगळें आणि फुप्फुसांचें वेगळें असतें. रोगी मात्र दोन्ही एकाच वाक्यांत घेऊन येतो: मला दम लागतो. त्या वाक्याची फोड अर्धीअधिक प्रश्न विचारूनच करावी लागते.’

उशांचा आणि हृदयाचा संबंध काय, असें वाचकांच्या मनांत येईल. आमच्याही आलें होतें. त्याचें उत्तर असें. आपण उभे किंवा बसलेले असतों तेव्हां शरीरांतील कांहीं रक्त व द्रव पायांकडे उतरून राहतो. आडवें झालें कीं तो छातीकडे परत येतो. निरोगी हृदय तो भार सहज पुढें ढकलतें. डाव्या बाजूचें हृदय थकलेलें असलें म्हणजे त्याला तें झेपत नाहीं. रक्त मागें तुंबतें, फुप्फुसांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर पाझरतें आणि माणसाचा जीव गुदमरतो. उठून बसलें कीं भार उतरतो व बरें वाटतें. म्हणून असा माणूस कोणी न सांगतां डोक्याखालीं एक उशी वाढवितो, मग दुसरी, मग तिसरी. कधीं झोप लागल्यावर दोन-तीन तासांनीं तो एकाएकीं दचकून उठतो आणि खिडकीशीं जाऊन हवा घेतो. यालाच कोणी ‘हृदयाचा दमा’ म्हणतात. सूं-सूं असा आवाजही कधीं कधीं येतो, आणि त्यामुळें भलेभले फसतात. अर्थात् उंच उशी घेणारा प्रत्येक माणूस हृदयाचा रोगी नव्हे. कोणाला घशाशीं आंबट येतें, कोणाची मान दुखते, कोणाचा दमा खरोखरीचाच असतो. वर्षानुवर्षें चुलीच्या धुरांत स्वयंपाक केलेल्या बायकांचीं किंवा तंबाखू ओढणाऱ्या पुरुषांचीं फुप्फुसेंही दम लावतात. महत्त्व आहे तें संख्या वाढत जाण्याला.

येथवर ही गोष्ट अमेरिकेची होती. गेल्या माघांत ती आमच्या घरांत आली.

रविवारीं मुलीचा फोन येतो तेव्हां तिच्याकडे सकाळ असते व आमच्याकडे रात्रीचे नऊ. हल्लींच्या फोनवर माणसें दिसतात, त्यामुळें सारें घर पाळीपाळीनें त्यापुढें येऊन बसतें. त्या रात्रीं बोलतां बोलतां ती मध्येंच थांबली व म्हणाली, ‘काका, मागें खुर्चींत कोण झोपलें आहे?’ त्या आमच्या थोरल्या वहिनी होत्या. सारें घर त्यांना माई म्हणतें. वय बहात्तर. आम्ही म्हणालों, ‘माईला हल्लीं खुर्चींतच डुलकी लागते. वय झालें आतां.’ तिनें विचारलें, ‘अंथरुणावर निजतात तेव्हां उशा किती घेतात?’

आमच्या घरांत दुधाचा हिशेब आहे, वर्तमानपत्रांचा आहे, कोणत्या लग्नांत कोणी काय दिलें याचा तीस वर्षांचा आहे. या प्रश्नाचें उत्तर मात्र आम्हां भावांपैकीं कोणाजवळ नव्हतें. अंथरुणें घालणाऱ्या सूनबाई हळूच म्हणाल्या, ‘दिवाळीपर्यंत एक होती. आतां तीन.’

मग तिनें आणखी तीनच गोष्टी विचारल्या. रात्रीं मध्येंच उठून बसतात का? सूनबाई म्हणाल्या, ‘पहाटे दोनच्या सुमारास खिडकीशीं उभ्या असतात, झोप येत नाहीं म्हणतात.’ पायांना सूज आहे का? माईंच्या सपाता महिनाभर दारामागें पडून होत्या. त्या पायांत जात नाहींत, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. जिना चढतांना मध्यें थांबतात का? येथें आम्ही सर्वच गप्प झालों. आमचें देवघर माडीवर आहे. माईंनीं दोन महिन्यांपासून पूजेचें ताट घेऊन नातवाला वर पाठविण्याचा परिपाठ ठेविला होता. मुलाची मुंज वैशाखांत ठरलेली. त्यापूर्वीं त्याला वळण लावीत आहेत, असें आम्ही कौतुकानें पाहुण्यांना सांगत होतों.

इतकें ऐकून घेऊन ती थांबली. तिच्या शिक्षणाची किंमत आम्हांस जर कधीं कळली असेल तर ती या थांबण्यानें. आम्ही उतावीळपणें विचारलें, ‘म्हणजे हृदयच ना? कोणतें औषध आणूं?’ ती म्हणाली, ‘काका, मी विद्यार्थिनी आहें, आणि माईकाकूंना मीं तपासलेलें नाहीं. याच्यापुढें मी बोलणें बरोबर नाहीं. उद्यां सकाळींच त्यांना डॉक्टरांकडे न्या, आणि हीं चार उत्तरें जशींच्या तशीं त्यांना सांगा. रात्रीं बसल्या जागीं दम लागला किंवा छातींत दुखूं लागलें, तर सकाळची वाट पाहूं नका.’

दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांनीं माईंना तपासलें. पायावर अंगठा दाबून उचलल्यावर खळगा तसाच राहिला. पाठीवर, तळाशीं, ती केंसांच्या बटेची चुरचुर दोन्हीकडे होती. मग हृदयाचा आलेख, छातीचें क्ष-किरण चित्र, रक्ताची तपासणी आणि ध्वनिलहरींनीं घेतलेलें हृदयाचें चित्र असें सर्व झालें. पुष्कळ वर्षांच्या रक्तदाबानें हृदय थकलें होतें. निरोगी हृदयाचा डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला आपल्यांतील निम्म्याहून अधिक रक्त पुढें लोटतो. माईंचा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास लोटीत होता. डॉक्टरांनीं दोष कोणाला दिला नाहीं. ते इतकेंच म्हणाले, ‘हें मला अगोदर कोणी सांगितलें नाहीं.’ तें खरें होतें. वर्षभरांत आम्हीं माईंना त्यांच्याकडे नेलेंच नव्हतें. जुनी चिठ्ठी दाखवून दम्याचें तेंच औषध दुकानांतून आणीत होतों.

घरीं परत आल्यावर आम्ही माईंजवळ बसलों आणि म्हटलें, ‘वहिनी, इतकें होत होतें तर बोललां कां नाहींत?’ त्या म्हणाल्या, ‘मुंज होऊन जाऊं दे, मग सांगेन, असें म्हणत होतें.’ थोडें थांबून म्हणाल्या, ‘आणि भाऊजी, विचारलें असतेंत तर तेव्हांही सांगितलें असतें.’

या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हतें व आजही नाहीं. वहिनी आमच्या घरांत आल्या तेव्हां आम्ही शाळेंत जात होतों. पन्नास वर्षें आमच्या जेवणाची, झोपेची, तापाची व परीक्षांची चौकशी त्यांनीं केली. चौकशी ही त्यांनीं करावयाची गोष्ट आहे, त्यांची करावयाची नव्हे, असें आम्हीं कधीं मनांत ठरविलें, तें आम्हांस सांगतां येत नाहीं.

औषधांनीं माईंना बराच आराम पडला. लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांनीं पायांची सूज आठवड्यांत उतरली. हृदयावरचा भार हलका करणाऱ्या गोळ्या आतां नेहमींच्या आहेत. थकलेलें हृदय पुन्हां पूर्वींसारखें होईल असें डॉक्टर म्हणत नाहींत. जपून वागल्यास पुष्कळ दिवस चांगलें चालेल, असें म्हणतात. लोणचें, पापड व वरून घेतलेलें मीठ पानांतून गेलें. रोज सकाळीं दुधाच्या हिशेबाशेजारीं माईंचें वजन लिहिलें जातें; तीन दिवसांत तें दोन किलोंहून अधिक वाढलें तर डॉक्टरांना कळवावयाचें. वैशाखांत मुंज झाली. माई बसून होत्या. मातृभोजनाच्या वेळीं मात्र उठून नातवाला स्वतः वाढलें. सध्यां उशा दोन आहेत.

मुलीची शेवटची परीक्षा जवळ आली आहे. ती उतरली म्हणजे तिला तेथें डॉक्टरांच्या जोडीनें काम मिळेल, आणि तिच्या नांवापुढें ‘डॉक्टर’ हा शब्द नसेल. आमच्या पंक्तींत आतां त्याबद्दल कोणी कुरकुर करीत नाहीं. गेल्या रविवारीं ती दिसतांच माईंनीं तिला विचारलें, ‘बाळ, तूं रात्रीं किती तास झोपतेस?’ तेव्हां ती हसून म्हणाली, ‘माईकाकू, हा प्रश्न मला येथें कोणीच विचारीत नाहीं!’

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं एखादी माई, अक्का किंवा काकू असेलच; एखादे अण्णाही असतील, जे हल्लीं फिरावयास जाणें टाळतात व पाय दुखतात असें सांगतात. निदान करणें आपलें काम नव्हे. तें डॉक्टरांचें, आणि आमच्या पुतणीसारख्या त्यांच्या सहकाऱ्यांचें. परंतु त्यांना जें सांगावयाचें तें आपल्याच घरांत असतें. म्हणून हा अंक मिटून ठेवल्यावर, अंथरुणें घालण्याच्या वेळीं, त्या खोलींत एकदां जाऊन यावें. उशा मोजाव्या, आणि गेल्या वर्षीं किती होत्या, तेंही विचारावें.